प्रश्न मांडण्याचेही शिक्षण हवे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. या नव्या रचनेत क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्काचे उपक्रम आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागल्याने, आजवर बहुतांशी पर्यावरणाच्या वहीपुरता मर्यादित असलेला 'प्रकल्प' हा शब्द पदवीच्या अभ्यासक्रमात मानाने येऊन बसला आहे. विद्यार्थ्यांनी वर्गाच्या चार भिंतींबाहेर पडावे, चार-पाच जणांनी मिळून एखाद्या स्थानिक अडचणीचा विचार करावा आणि तीवर काही नवे सुचवावे, ही कल्पना कोणालाही पटण्यासारखीच आहे. तथापि हे अहवाल ज्यांना तपासावे लागतात, त्या अध्यापकांना खाजगीत विचारून पाहावे. 'बेरोजगारी : एक समस्या', 'ग्रामीण पाणीपुरवठा : एक चिकित्सक अभ्यास', 'महिला बचत गट : एक दृष्टिक्षेप' अशा मथळ्यांच्या वह्यांचे गठ्ठे दरवर्षी जमतात. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष असा साचा ठरलेला असतो आणि शेवटी 'शासनाने याकडे लक्ष द्यावे', 'जनजागृती करावी' या दोन शिफारशी हमखास येतात. कोणत्याही वहीच्या शिफारशी दुसऱ्या कोणत्याही वहीला जोडल्या तरी काही बिघडत नाही.

याचा दोष आपण सहसा विद्यार्थ्यांच्या आळसाला देतो. पूर्वी झेरॉक्सच्या दुकानातील तयार वह्यांना नावे ठेवली जात, आता कृत्रिम बुद्धिमत्तेला ठेवली जातात. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु कोणत्याही दुकानातून तयार मिळावा असा विषय आपणच दिल्यावर तो दुकानातून आला, तर नवल ते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ही वही बिघडते ती शेवटच्या पानावर नव्हे. ती पहिल्या पानावरच बिघडलेली असते. कारण तेथे विषय असतो, प्रश्न नसतो. विषयाचा प्रश्न कसा करावयाचा, हे आपण विद्यार्थ्यांना कधी शिकविलेलेच नाही.

प्रश्नचिन्ह नसलेले प्रश्न

मराठी भाषेची एक गंमत येथे नमूद करण्याजोगी आहे. 'पाण्याचा प्रश्न', 'बेकारीचा प्रश्न', 'शेतकऱ्यांचे प्रश्न' असे आपण सर्रास म्हणतो. पण या प्रश्नांपुढे प्रश्नचिन्ह कोणी देत नाही, कारण त्यांत विचारलेले असे काहीच नसते. ती अडचणींची नावे आहेत. नावावर सर्वांचे चटकन एकमत होते आणि गटाने करावयाच्या कामात सगळा घोटाळा होतो तो या एकमतामुळेच. 'पाण्याचा प्रश्न' म्हटल्याबरोबर गटातील एकाला उन्हाळ्यातला टँकर दिसतो, दुसऱ्याला कालव्याचे आवर्तन, तिसऱ्याला उसाचा फड, चौथीला आईच्या डोक्यावरचा हंडा आणि पाचव्याला नगरपालिकेची वाढलेली पाणीपट्टी. पाचही जण माना डोलावतात आणि कामे वाटून घेतात. तीन आठवड्यांनी पाच दिशांचे पाच कागद एकत्र येतात, तेव्हा त्यांना एका दाभणाने शिवण्यापलीकडे काही करता येत नाही. अशा वेळी गटात भांडणे होतात, आणि गटाला एकत्र काम करता येत नाही असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो.

विद्यार्थ्यांना हे येऊ नये यात आश्चर्य नाही. पहिलीपासून पदवीपर्यंतची १५ वर्षे त्यांना प्रश्न भेटतो तो छापलेला, दुसऱ्याने काढलेला आणि ज्याचे उत्तर काढणाऱ्याला आधीच ठाऊक आहे असा. परीक्षा जवळ आली की 'अपेक्षित प्रश्नसंच' बाजारात येतात. प्रश्न ही अपेक्षा करण्याची वस्तू आहे, शोधण्याची नव्हे, हा धडा त्यातून नकळत पक्का होतो. वक्तृत्वस्पर्धांतील 'शाप की वरदान' या थाटाच्या विषयांनी तर दोनच दारे उघडी ठेवून बाकीची बंद करण्याची सवय लावली. २०१७ पासून देशभर होत असलेल्या 'स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन'सारख्या उपक्रमातही मंत्रालये आणि शासकीय खाती समस्यांची यादी देतात आणि विद्यार्थ्यांचे गट तीवर उपाय शोधतात. या उपक्रमाची उपयुक्तता मान्य करूनही हे सांगितले पाहिजे की, पहिली पायरी तेथेही बव्हंशी दुसऱ्यानेच चढलेली असते.

ही पहिली पायरी किती महत्त्वाची आहे हे शिक्षणशास्त्राला नवे नाही. जॉन ड्यूई यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या 'हाऊ वुई थिंक' या ग्रंथात विचारप्रक्रियेचे पाच टप्पे सांगितले. पहिल्यात अडचण जाणवते, दुसऱ्यात ती नेमकी कोठे आहे आणि काय आहे हे ठरते, आणि उपायाची कल्पना येते ती तिसऱ्यात. आपले प्रकल्प पहिल्या टप्प्यावरून थेट तिसऱ्यावर उडी घेतात. शिकागो येथील कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा गेटझेल्स आणि चिकसेंटमिहाय या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९७६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तोही या संदर्भात आठवतो. मेजावर मांडलेल्या वस्तूंपैकी हव्या त्या निवडून चित्र काढावयाचे होते. ज्या विद्यार्थ्यांनी वस्तू अधिक हाताळल्या, त्यांची मांडणी पुन्हापुन्हा बदलली आणि काय काढावयाचे हे लवकर ठरवून टाकले नाही, त्यांची चित्रे परीक्षकांना अधिक स्वतंत्र वाटली. ज्याला आपण प्रतिभा म्हणून हात जोडतो, तिचा बराचसा भाग हातात वस्तू घेऊन रेंगाळण्यात असतो, असा याचा अर्थ घ्यावयास हरकत नाही.

दुष्काळाने शिकविलेली प्रश्नविद्या

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्याने त्याला याची सर्वांत लख्ख उदाहरणे दुष्काळाच्या इतिहासात दिसतात. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगराईने मेली. अमर्त्य सेन यांच्या अंदाजानुसार हा आकडा ३० लाखांच्या आसपास जातो. त्या वेळच्या प्रशासनापुढचा प्रश्न होता : प्रांतात धान्य किती आहे? सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात हाच प्रश्न बाजूला ठेवला. १९४३ सालचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्क्यांनी कमी असला, तरी तो १९४१ पेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी अधिकच होता, आणि १९४१ साली तर दुष्काळ पडला नव्हता, असे त्यांनी दाखविले. मग त्यांनी विचारले : धान्य मिळविण्याची शक्ती कोणाची गेली? असे विचारल्याबरोबर पोत्यांची मोजदाद मागे पडली आणि माणसे दिसू लागली. भूमिहीन शेतमजूर, कोळी, हमाली-वाहतूक करणारे ही ती माणसे होती. त्यांची मजुरी आणि तांदळाचा भाव यांतले अंतर एका वर्षात असे वाढले की, बाजारात तांदूळ असूनही तो त्यांचा उरला नव्हता. सेन यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न टाळून दुष्काळावर लिहिणे त्यानंतर कोणाला शक्य झाले नाही.

महाराष्ट्राने हा प्रश्न आपल्या पद्धतीने त्याआधीच विचारला होता. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ च्या सुमारास जो प्रयोग झाला, त्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. गावात धान्य कसे पोहोचवावे, यापेक्षा काम करू इच्छिणाऱ्याला काम कसे देता येईल, हे पाहावे, असा तो विचार. १९७२ च्या दुष्काळाने त्याची कसोटी घेतली. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला त्याचा अनुभव उपयोगी पडला. खडी फोडण्याच्या कामांवरील हजेरीपटांत पुढे जे गैरप्रकार झाले त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो भाग वेगळा.

याच दुष्काळातले दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांना विशेष भावते, असा अनुभव आहे. पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम सुरू केले. दुष्काळी गावात 'पाणी कोठून आणावे?' असा प्रश्न कोणीही विचारील. अभियंत्याने तर तो विचारावाच. साळुंखे यांनी त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न ठेवला : आलेले पाणी कोणाचे? पाणी जमिनीच्या मागे जाते, तेव्हा ज्याची जमीन मोठी त्याचे पाणी मोठे आणि ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही, हे आपण निसर्गनियमासारखे धरून चालतो. पाणी पंचायतीने ते धरले नाही. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकेच पाणी, भूमिहीनालाही त्याचा वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर न जाणे आणि उसाला मज्जाव, असे तिचे नियम होते. 'पाणी कोठून आणावे?' या प्रश्नावर शंभर हुशार माणसांनी शंभर दिवस खल केला असता, तरी त्यातून यांपैकी एकही नियम निघाला नसता. ही योजना महाराष्ट्रभर का पसरली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी उसाच्या मज्जावात आहे, असो.

या उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात यावी. प्रश्न नीट मांडणे म्हणजे वाक्यरचना सुधारणे नव्हे. प्रश्नाच्या चौकटीत कोण येणार आणि कोण बाहेर राहणार, हे मांडणीतच ठरून जाते. पुढची सारी कल्पकता त्या चौकटीच्या आतच खेळते. चौकट चुकली की 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही गत ठरलेली.

एका गटाची हकीकत

वर्गात हे कसे घडते, हे एका उदाहरणाने सांगणे बरे. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांच्या एका गटाने 'ग्रामीण भागातील एस.टी. सेवा : एक समस्या' हा विषय घेतला. प्रश्न लिहून आणा म्हटल्यावर त्यांनी आणलेले वाक्य होते : 'एस.टी.च्या फेऱ्या कशा वाढविता येतील?' वाक्यापुढे प्रश्नचिन्ह होते खरे. पण ग्यानबाची मेख अशी की, उत्तर त्याच्या पोटातच होते. फेऱ्या वाढविणे हा उपाय ठरवून टाकल्यावर गटाला करण्यासारखे एकच काम उरत होते, ते म्हणजे आगारप्रमुखांना अर्ज लिहिण्याचे.

त्यांना दुरुस्त वाक्य लिहून दिले असते, तर पाच मिनिटांत काम झाले असते. तसे न करता एवढेच विचारले की, फेऱ्या कमी आहेत म्हणून कोणाचे काय अडते? 'विद्यार्थ्यांचे हाल होतात.' कोणत्या विद्यार्थ्यांचे? सगळ्यांचे. बरे, मग आठवडाभर स्टँडवर आणि वर्गात पाहून या. आठवड्याने ते आले तेव्हा त्यांच्याजवळ एक साधा तक्ता होता. शेवटच्या दोन तासिकांना जे गैरहजर असत, त्यांतले बहुतेक एकाच रस्त्यावरील चार गावांचे होते, आणि त्यांतही मुली अधिक होत्या. त्या रस्त्याची बस तीननंतर लगेच सुटे. पुढची संध्याकाळी पावणेसहाला. ती पकडली तर हिवाळ्यात फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडतो आणि फाट्यापासून वस्तीपर्यंत पायवाट आहे. मुलगे कोणाच्या तरी मोटारसायकलवरून जातात. मुलींना तसे जाता येत नाही.

गटात त्याच रस्त्यावरची एक विद्यार्थिनी होती. पहिल्या दोन बैठकांत ती एक अक्षर बोलली नव्हती. तक्ता समोर आल्यावर तिने सांगितले की, हजेरी ७५ टक्क्यांखाली गेलेल्यांची यादी सूचनाफलकावर लागली की, त्यातले आपले नाव गावात घरापर्यंत पोहोचते आणि 'कॉलेजात जातच नाही तर कशाला पाठवायचे' असे घरात म्हटले जाते. तिच्या ओळखीच्या एका मुलीचे शिक्षण असेच थांबले होते. ज्याला आम्ही अध्यापक कर्मचारी-कक्षात 'अनियमितता' म्हणत होतो, त्याची ही दुसरी बाजू होती.

यानंतर गटाने जो प्रश्न लिहिला तो लांबलचक होता, पण त्यात पाणी घातलेले नव्हते : 'या रस्त्यावरील चार गावांच्या विद्यार्थिनींना शेवटच्या दोन तासिका मिळाव्यात, यासाठी वेळापत्रक, बसची वेळ आणि फाट्यापासूनची वाट यांपैकी काय बदलता येईल, आणि ते कोणाच्या हातात आहे?' आता कल्पना सुचू लागल्या. आवश्यक विषयांच्या तासिका दुपारच्या आत घ्याव्यात आणि ज्यांना मुलींपैकी फारसे कोणी नाही असे ऐच्छिक विषय शेवटी ठेवावेत. जवळच्या माध्यमिक शाळेची सुटण्याची वेळ आणि महाविद्यालयाची वेळ जुळवून दोघांनी मिळून एकच बस मागावी. फाट्यावर ग्रामपंचायतीने दिवा लावावा. चारही गावांच्या मुलींनी आपसांत ठरवून एकाच बसने उतरावे. यांपैकी तीन गोष्टींना एस.टी.ची एकही जादा फेरी लागत नव्हती. पहिल्या कल्पनेचा रोख तर सरळ आम्हा अध्यापकांच्या सोयीवर होता, कारण दुपारच्या आतल्या तासिका कोणाला हव्यात हे सर्वांनाच ठाऊक आहे. प्रश्न नीट मांडला गेला की तो विचारणाऱ्याच्या दिशेनेही वळतो. कदाचित म्हणूनच संस्थांना 'जनजागृती' अधिक सोयीची वाटत असावी.

गटात बसण्याआधी

हे सारे साधण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. मात्र क्रम पाळावा लागतो. गटाला एकत्र बसवून 'सुचवा' म्हणण्याची पद्धत अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बोर्न यांनी लोकप्रिय केली आणि विचारमंथन या नावाने ती आपल्याकडेही रुळली. परंतु येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात, एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या असता त्या संख्येने अधिक भरल्या. आपल्या वर्गांना हे अधिकच लागू पडते. ज्याचे बोलणे सफाईदार, ज्याला इंग्रजी येते किंवा ज्याच्याजवळ लॅपटॉप आहे, तो पहिल्या दहा मिनिटांत गटाचा प्रश्न ठरवून टाकतो. आणि ज्याच्या अंगावरून ती अडचण रोज जाते, तो मान डोलावतो. म्हणून प्रत्येकाने आधी एकट्याने, स्वतःच्या हाताने, मराठीत किंवा येईल त्या भाषेत आपला प्रश्न लिहावा आणि मग ते सर्व कागद समोर ठेवून गटाने बोलावे. ज्याला बोलता येत नाही त्याचाही कागद बोलतो.

अध्यापकाने या वेळी काय करू नये, हेच अधिक महत्त्वाचे. त्याने प्रश्न देऊ नये आणि विद्यार्थ्याच्या वाक्यावर लाल शाईही चालवू नये. ही अडचण कोणाची, ती तुम्ही पाहिली की ऐकली, ती सुटली हे कशावरून ओळखाल, एवढे विचारून थांबावे. 'बेकारी कशी दूर करावी?' असा प्रश्न आला तर तो पाच जणांच्या एका सत्राच्या आवाक्यातला आहे काय, हे त्यांनाच मोजू द्यावे. आपल्या गावातून गेल्या वर्षी पदवी घेतलेली दहा मुले आज काय करतात, येथवर ते आपोआप उतरतात. उलट काही गट प्रश्न इतका आखूड करतात की त्याचे उत्तर एका दूरध्वनीवर मिळावे. हेही त्यांना एकदा अनुभवू द्यावे.

यावर आक्षेप येतील आणि ते खोटे नाहीत. एका वर्गात शंभरावर विद्यार्थी, वर्षानुवर्षे रिक्त असलेली पदे, तासिका तत्त्वावर राबणारे तरुण सहकारी आणि सत्र संपण्याआधी भरावयाचे गुणतक्ते, या स्थितीत वीस गटांच्या प्रश्नांवर तीन-तीन आठवडे कोणी घालवावेत? विद्यापीठांनी प्रकल्पाला श्रेयांक दिले, पण अध्यापकाच्या कार्यभारात त्यासाठी पुरेसा वेळ बहुतेक ठिकाणी मोजलेला नाही, ही तक्रार रास्त आहे. तरीही वीस कोऱ्या मनाने लिहिलेल्या वह्या तपासण्यात जो वेळ जातो, त्यातला थोडा आधी खर्च केला तर तपासणे तरी सुसह्य होईल. कृत्रिम बुद्धिमत्तेची भीतीही यामुळे कमी व्हावी. 'ग्रामीण एस.टी. सेवा' या विषयावर ते यंत्र क्षणार्धात वीस पाने लिहून देईल. फाट्यापासूनच्या पायवाटेबद्दल त्याला कोणीतरी आधी सांगावे लागेल.

गुणांशिवाय आपल्याकडे पान हलत नाही, हे लक्षात घेऊन एक सूचना करावीशी वाटते. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी प्रकल्पाच्या गुणांपैकी निदान चौथा हिस्सा प्रश्नाच्या मांडणीसाठी राखून ठेवावा. गटाने काम सुरू केल्यापासून तीन आठवड्यांत अर्ध्या पानाचे टिपण द्यावे. त्यात पहिला प्रश्न, बदललेला प्रश्न आणि काय पाहिल्यामुळे तो बदलला, एवढेच असावे. प्रश्न बदलला म्हणून गुण कापले जाऊ नयेत, वाढावेत. अहवालाच्या छापील नमुन्यात या अर्ध्या पानाला जागा करावयाची, तर 'प्रस्तावना' हा रकाना काढावा लागेल, आणि त्याबद्दल विद्यार्थी किंवा परीक्षक कोणी हळहळेल असे वाटत नाही.